मैदान खेळण्यास योग्य आहे

२ फेब्रुवारी

प्रिय मागच्या,

चार वर्षं आपण पोटावर सरपटत जमिनीतले सुरुंग शोधले, मी पुढे आणि तू मागे. तेव्हा तुझ्याशी बोलायला मान वळवायचीही गरज नव्हती. आता टपालपेटीपर्यंत चालत जावं लागतं. फोन करावा तर तुझा उजवा कान स्फोटात गेला आणि डावा, तुझ्याच म्हणण्याप्रमाणे, वहिनींनी लग्नातच ताब्यात घेतलाय. तेव्हा पत्रच.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस, मी एका शाळेच्या मैदानाचा माळी झालोय. सैन्य सोडल्यापासूनची ही चौथी नोकरी, आणि आवडलेली पहिली.

मैदान ताब्यात आलं तेव्हा त्याला टक्कल पडलं होतं. कडेने धावायच्या सहा पट्ट्या, मध्ये फुटबॉलची जागा, दोन गोलपोस्ट (त्यातला एक कमरेत वाकलेला), पत्र्याची शेड, तीन ठिकाणी गळणारा पाइप, ओढायचा लोखंडी रोलर आणि चुन्याच्या रेघा मारायचं एक चाकाचं गाडं. एवढा सरंजाम. पहिले दोन आठवडे मी काय केलं असेल, ओळख. बरोबर. सळई घेऊन पालथा पडलो आणि वीतवीत जमीन टोचून काढली. मिळालेला ऐवज: सात चमचे, चार कंपास, दातांची एक तार, चष्म्याची अर्धी काडी आणि एक शिट्टी. शिट्टी खेळाच्या सरांची निघाली. दोन वर्षांपूर्वी हरवली होती म्हणे. तेव्हापासून ते मला फार मानतात आणि मी स्वतःला शिव्या देतो, कारण आता ते ती दिवसभर वाजवतात. मी त्यांचं नाव शिट्टीसर ठेवलंय.

मग गवत पेरलं. पेरलं की पाखरं आली. म्हणून मधोमध बुजगावणं उभं केलंय आणि त्याला माझा गणवेशाचा शर्ट घातलाय. तोच, शेवटच्या दिवशीचा, छातीवर डाग असलेला. घरात ठेववत नव्हता, टाकवत नव्हता, आणि ताईला धुवायला द्यायची हिंमत नव्हती. बुजगावण्याला मापात बसला. पाखरं मात्र त्याला दाद देत नाहीत. एक कावळा रोज त्याच्या खांद्यावर बसून जेवतो.

राहायला ताईकडेच आहे. ती अजून हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत, आता तिथली मुख्य. माझ्या विजारींच्या गुडघ्यांकडे बघून रोज एकदा सुस्कारा टाकते. हेडबाई म्हणतात की असं गवत या शाळेने कधी पाहिलं नव्हतं.

मी मजेत आहे. झोप लागते, भूक लागते, गवत उगवतं. माणसाला आणखी काय हवं?

तुझा
पुढचा


९ फेब्रुवारी

प्रिय पुढच्या,

तू आणि माळी! जमिनीतून वस्तू उपसण्यात ज्याची चार वर्षं गेली तो आता आत पेरतोय म्हणजे जमिनीची भरपाईच झाली म्हणायची.

इकडे बुटांचं दुकान जोरात आहे. मालक म्हणतात, तुमच्यासारखा विक्रेता पाहिला नाही. कसा पाहतील? नकली पायाचा माणूस बूट विकतोय, हे दृश्यच दुर्मीळ. बसायला बुटकं स्टूल, हातात बूट चढवायचं शूहॉर्न, मांडीवर गिऱ्हाइकाचा पाय, असा माझा दिवस जातो. माझा स्वतःचा डावा बूट तीन वर्षं झाली तरी नवाच्या नवा. घाम नाही, वास नाही. गिऱ्हाइकाला तो पुढे करून दाखवतो, म्हणतो, बघा, आमचा माल किती टिकतो!

पाय कसा गेला, हे सगळे विचारतात. मी रोज नवं उत्तर देतो. सोमवारी मगर, मंगळवारी सर्कशीतला वाघ. काल एका आजीबाईंना सांगितलं की बायकोशी पैज हरलो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोन जोड घेऊन गेल्या.

एक सवय मात्र मालकांपासून लपवून आहे. लहान मुलाचा पाय हातात आला की मी आधी बोटं मोजतो. दोन्ही पायांची मिळून दहा भरली की मगच माप घेतो. मालकांना वाटतं मी कामाला चोख आहे.

तुझं सगळं मार्गी लागलेलं वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. तुझ्याकडून असं पत्र यावं म्हणून मी किती दिवस वाट बघत होतो, ते तुला कळायचं नाही.

तुझा
मागचा

ता.क. भाऊजी, मी वहिनी लिहितेय. ह्यांनी पत्र वाचायला दिलं. गवत झालं, कावळा झाला, चमचे झाले, शिट्टीसुद्धा झाली. शाळेच्या मैदानावरून दोन पानं लिहिलीत आणि त्यात एकही मूल नाही. मुलं कुठे आहेत?


१७ फेब्रुवारी

प्रिय मागच्या,

वहिनींना सांग, त्या आपल्या तुकडीत असत्या तर निम्मे सुरुंग स्वतःहून वर येऊन हजर झाले असते.

मुलं वऱ्हांड्यात आहेत.

आता नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये एक रजिस्टर टांगलेलं असतं. रोज सकाळी माळ्याने त्यात सही करायची. वर छापील ओळ आहे: 'मैदान तपासले. खेळण्यास योग्य आहे.' खाली तारीख आणि सही. सही झाल्याशिवाय शिट्टीसरांनी मुलांना फाटकाच्या आत सोडायचं नाही, हा हेडबाईंचा नियम. पूर्वी कुणी काचेच्या तुकड्यावर पडलं होतं, तेव्हापासूनचा. नियम चांगला आहे. मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही.

फक्त माझी सही होत नाही.

मैदान रोज तपासतो. सकाळी पट्ट्या, दुपारी मधला भाग. पेन हातात घेतो, ती ओळ वाचतो, आणि खाली लिहितो 'तपासणी चालू'. आज चाळिसावा दिवस होता. गवत गुडघ्याला लागायला आलं होतं, ते कापलं, पुन्हा आलं. त्याच्यावर अजून एकही मूल धावलेलं नाही. मुलं वऱ्हांड्यात चेंडू खेळतात, आतापर्यंत तीन काचा फुटल्या. शिट्टीसर फळ्यावर खडूने फुटबॉल शिकवतात. मुलांना आता ऑफसाइड म्हणजे काय ते तोंडपाठ आहे, पण गोल अजून एकानेही मारलेला नाही.

काल हेडबाईंनी बोलावलं. चहा दिला. अगदी सभ्य बाई आहेत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "तुमच्याइतकं मैदानावर प्रेम करणारा माणूस मिळणार नाही. पण मला बघायचं मैदान नको, खेळायचं हवंय. वीस मार्चला शाळेच्या शर्यती आहेत. तोपर्यंत सही झाली तर तुम्ही आमचे. नाही झाली तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

मी म्हणालो, पेन चालत नाही. त्यांनी ड्रॉवरमधून नवं पेन काढून दिलं. आता बोल.

ताईला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं मुलांचा आवाज ऐकून माझं मन रमतं.

तुझा
पुढचा


२३ फेब्रुवारी

प्रिय पुढच्या,

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ऐकलं होतं. तू तर ताकाचं भांडं समोर ठेवून चाळीस दिवस फुंकतोयस! अरे, ते शाळेचं मैदान आहे. तिथे चमच्यापेक्षा घातक काही निघालं का? नाही ना?

असो. तुला शहाणपण शिकवून उपयोग नाही, तू ते आधीच वीतवीत तपासून बाजूला ठेवशील. तेव्हा धंद्याचंच बोलतो. आपण कधी अख्खं माळरान एका दिवसात साफ जाहीर केलं होतं का? नाही. हातभर रुंदीची एक पट्टी, दोन बाजूंना पांढरी फीत, तेवढीच आपली दुनिया. तू सळई टोचायचास, म्हणायचास "साफ", मी मागून म्हणायचो "साफ", आणि तुझ्या पावलावर पाऊल टाकायचो. मग दुसरी पट्टी. तुझ्याकडे तर सहा पट्ट्या आयत्या आखलेल्या आहेत, चुन्याची रेघ हीच फीत समज. एकीवर सही कर. फक्त एकीवर. रजिस्टरमध्ये कुठे लिहिलंय की मैदान घाऊकच विकायचं?

आणि जुनं काही मनात आणू नकोस. झालं ते झालं. इथे मालक हाक मारतायत, कुणाला तरी आठ नंबर हवाय.

तुझा
मागचा


५ मार्च

प्रिय मागच्या,

तुझ्या अकलेला सलाम. सव्वीस तारखेला रजिस्टरमध्ये लिहिलं: 'पट्टी क्रमांक एक तपासली. खेळण्यास योग्य आहे.' आणि सही. सही माझीच आहे, बँकेतही चालेल अशी.

पुढचा तमाशा तू बघायला हवा होतास. ऐंशी मुलं फाटकातून सुटली आणि मी दोन्ही हात पसरून आडवा आलो. म्हटलं, फक्त पहिली पट्टी! मुलांनी वाद घातला नाही. दीड महिना वऱ्हांड्यात काढल्यावर त्यांना गटाराच्या कडेवर धावायला सांगितलं असतं तरी ती धावली असती. ऐंशी मुलं एकामागे एक, एका पट्टीत, गोल गोल. पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला शेपूट कुठे संपतं ते कळत नाही. शिट्टीसरांनी डोक्याला हात लावला. मग स्वतःच रांगेत घुसले.

दोन तारखेपर्यंत चार पट्ट्या झाल्या. हेडबाई खिडकीतून बघत असतात.

पाचवीवर अडलोय. चार दिवस अडलोय आणि कारण मला ठाऊक आहे. तुलाही असेल. ते आपण तीन वर्षं पत्रात येऊ दिलेलं नाही, पण आता ते आणल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशीही पाचवीच पट्टी होती. मी पालथा होतो. सगळं टोचून झालं होतं. मी म्हणालो "साफ". मागून तुझा आवाज आला, "साफ". आणि मग स्फोट. फीत, खुंट्या सगळं उडालं. खड्डा पट्टीच्या आत होता की काठाबाहेर, ते चौकशीवाल्यांनाही सांगता आलं नाही. मी धावत आलो, तुला उचललं, तू माझा शर्ट छातीशी घट्ट धरला होतास. तुझ्या रक्ताचा तो डाग अजून आहे, त्याला मी मैदानात उभा केलाय.

माझं काय सुटलं? सळई तिरकी गेली का? घाई केली का? हजार वेळा ती पट्टी मी मनात टोचली. मागच्या, मी साफ म्हणालो आणि तू माझ्या शब्दावर पाऊल टाकलंस. त्यानंतर कशालाही 'योग्य आहे' म्हणायला माझी जीभ उचलत नाही, पेन ही फार पुढची गोष्ट. ताई विचारते, आमटीत मीठ बरोबर आहे का? मी म्हणतो, तू बघ.

तुला कधी मला विचारावंसं वाटलं नाही, की लेका, तू साफ कसं म्हणालास? विचार एकदा. मला बरं वाटेल.

पुढचा


९ मार्च

प्रिय पुढच्या,

आज दुकानात गेलो नाही. मालकांना कळवलं की पाय दुखतोय. कुठला, ते त्यांनी भीडेपोटी विचारलं नाही. या पत्रात विनोद करायचा नाही असं ठरवून बसलो होतो आणि पहिल्याच ओळीत मोडलं. आता खरंच नाही.

तुझी पट्टी साफ होती.

तू साफ म्हणालास, मी साफ म्हणालो, आणि मग मी तुझ्या पावलावर पाऊल टाकलंच नाही. डावीकडे, फितीच्या बाहेर दोन पावलांवर, तुतीचं झाड होतं. तू पालथा होतास, तुझी पाठ माझ्याकडे. चार दिवस आपण डब्यातलं थंड अन्न खात होतो, आठवतं? फांदी पिकून लगडली होती, पार खाली आली होती. मी फीत ओलांडली. पहिलं पाऊल टाकलं, काही झालं नाही. सात-आठ तोडल्या, मुठीत धरल्या, एक तोंडात टाकली. मनात म्हटलं, निम्म्या तुला देईन आणि कुठून आणल्या ते सांगणार नाही. मग परत फिरताना दुसरं पाऊल टाकलं.

लोक आवळा देऊन कोहळा काढतात. मी पाय देऊन तुती काढली.

शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी तुझी वहिनी, तिचे वडील आणि वही घेतलेले साहेब. साहेबांनी विचारलं, "ठरलेल्या वाटेवरच होतास ना?" सासरे माझ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होते की माझ्या तोंडून निघालं, "हो साहेब." एवढंच. एक 'हो'. लिहून झालं, वही मिटली. साहेबांनी कुणालाच दोष दिला नाही, 'जमिनीचा दोष' असं लिहिलं. मला वाटलं, चला, जमिनीला काही फरक पडत नाही. तुला पडत असेल, हे मनात यायचं. रोज यायचं. आलं की मी उठून दुसरीकडे जायचो. म्हणून मगर, म्हणून वाघ. एवढ्या गोष्टी सांगितल्या की खरी गोष्ट त्यांच्यात हरवून जाईल, असा हिशेब होता.

तू मैदानाबद्दल ते मजेचं पत्र लिहिलंस तेव्हा मी तुझ्या वहिनीला म्हणालो, सुटलो, तो बरा झाला. मला तू बरा व्हायला हवा होतास, पण मी न बोलता. मला लाज वाटते, पुढच्या. भित्रेपणाची लाज. तुती खाल्ल्याची तितकी नाही.

शिव्या दे. दोन पानी दे. पण सही कर.

मागचा


१३ मार्च

मागच्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चांगलं जमलंय. मगर, वाघ, बायकोची पैज आणि आता तुती. माझी नोकरी टिकावी म्हणून तू स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस. तू हे करशील हे मला आधीच कळायला हवं होतं. तुझ्याएवढा मोठ्या मनाचा आणि तुझ्याएवढा पट्टीचा थापाड्या मी दुसरा पाहिला नाही.

उपकार मानतो. पण पुराव्याशिवाय जमिनीबद्दल काही मानायचं नाही, हा आपला धंदाच होता. तो माझ्या हाडात आहे.

आज पाचव्या पट्टीपुढे पुन्हा लिहिलं, 'तपासणी चालू'. हेडबाईंनी दुसऱ्या माळ्याला एकवीस तारखेला भेटायला बोलावलंय. मी त्याच्यासाठी पाइपाची गळती बांधून ठेवलीये.

पुढचा


१६ मार्च

भाऊजी,

आज पत्र मी लिहितेय. हे समोर बसलेत, खाली मान घालून. तुमचं पत्र वाचल्यापासून तीनच शब्द बोलले, "त्याला पटलं नाही."

मला ही तुतीची गोष्ट ह्याच आठवड्यात कळली. ह्यांनी आधी तुम्हाला पत्र टाकलं आणि मग मला सांगितलं. तीन वर्षं संसार करतेय, माणसाने बायकोलाही सांगू नये? मी इतकी भांडले की शेजारीण मधे पडली. दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून रचलेली थाप असती, तर तिच्यापायी ह्यांनी घरात एवढी शोभा करून घेतली असती का?

आणि एक. भांडताना मला आठवलं. हॉस्पिटलात ह्यांचा उजवा हात मीच पुसला होता. मूठ उघडत नव्हती, नर्सने एकेक बोट सोडवलं. तळहात जांभळा होता. घासून घासून दमले, जाईना. मला वाटलं, ते जखमेला लावायचं जांभळं औषध असेल. पण औषध पायाला लावतील, भाऊजी. हाताला कशाला? हाताला तर खरचटलंही नव्हतं. तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यांच्या मुठीत सात तुती होत्या.

तुम्ही लिहिलं होतंत की ह्यांनी तुमचा शर्ट धरला होता. कुठल्या हाताने, ते तुम्हीच बघा.

वहिनी

ह्यांना दोन ओळी लिहायला दिल्या, तर एवढंच लिहिलं:
आंबट होत्या रे.


२१ मार्च

प्रिय तुतीखाऊ,

दोन पानी शिव्या मागितल्या होत्यास. ताई म्हणते, टपालाचं वजन वाढेल. म्हणून एकच दिली, ती वर आहे. मरेपर्यंत तुला तेच नाव.

वहिनींचं पत्र अठराला दुपारी आलं. वाचलं आणि तसाच मैदानाच्या मधोमध गेलो. म्हणजे पाचवी पट्टी, सहावी पट्टी, फुटबॉलची जागा सगळं ओलांडून, सळई न घेता. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. कावळा बसला होता, त्याला उठवलं. बुजगावण्याचा शर्ट काढला आणि घरी नेऊन ताईपुढे टाकला. तिला पहिल्यांदाच सांगितलं की हा डाग कशाचा आहे असं मी समजतो.

ताईने शर्ट उजेडात धरला. नखाने खरवडलं, उलटा करून बघितला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी सहा वर्षांचा झालो. म्हणाली, "बावीस वर्षं मी हॉस्पिटलचे कपडे धुतेय. रक्त मला ओळखायला शिकवतोस? रक्त जुनं झालं की तपकिरी पडतं, आणि इतक्या उन्हात तर पिवळट होऊन गेलं असतं. हा खालचा पुसट आहे ना, ते रक्त. आणि हा वरचा जांभळा, पाच बोटांचा, हा फळाचा रस आहे. कुणी खाल्ली ही तुती?"

हातच्या काकणाला आरसा कशाला! तीन वर्षं तो पुरावा माझ्याजवळ होता आणि मी तो कपाटात दडवला, मग कावळ्याला दिला. ताईला एकदा धुवायला टाकला असता, तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मग मी काय केलं? रडलो. ताईच्या स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून, चांगला अर्धा तास. त्यानंतर तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर तुझा दुसरा पायही काढून घेतला असता. तीन वर्षं, गाढवा! एका 'हो साहेब'पायी! आणि राग भरात असतानाच मला हसू आलं, कारण मला दिसलं की तू पालथ्या माणसाच्या मागे चोरपावलांनी तुती तोडतोयस आणि निम्म्या माझ्यासाठी ठेवतोयस. ताई म्हणाली, "आधी ठरव, काय करायचंय ते. मला पोळ्या करायच्यात."

तुला वाटेल, झालं, दुसऱ्या दिवशी गेलो आणि सही ठोकली. तसं नाही झालं. एकोणीसला सकाळी रजिस्टर उघडलं, पेन घेतलं, आणि हात पुन्हा तिथेच. ती जमीन साफ होती हे कळलं, पण ही? सवय कारण संपलं म्हणून लगेच जात नाही, हे तुला सांगून ठेवतो. तू बोटं मोजतोस, तुला कळेल.

शेवटी बूट काढले. अनवाणी निघालो, पाचव्या पट्टीच्या टोकापासून. पाय आपटत, मोठ्याने म्हणत, "साफ!" आणि थांबलो, कारण मागून उत्तर यायला हवं. आपली पद्धतच ती. उत्तर आल्याशिवाय मला पुढचं पाऊल टाकता येत नाही. फाटकाशी शिट्टीसर उभे होते. त्यांना वाटलं, हा सैन्यातला काही व्यायाम असावा. त्यांनी बूट काढले, पोट सावरलं, माझ्यामागे आले आणि ओरडले, "साफ!" मागच्या, माझ्या पाठीवरचं काहीतरी उतरलं. अख्खं मैदान आम्ही दोघं असे आपटत फिरलो. मधल्या भागापर्यंत फाटकाबाहेरच्या ऐंशी मुलांनी ते उचललं. मी म्हणे साफ, शिट्टीसर म्हणत साफ, आणि मुलं तर अशी किंचाळत की हेडबाई वर्ग सोडून खाली आल्या. त्यांच्या हातात रजिस्टर होतं.

'मैदान तपासले. खेळण्यास योग्य आहे.' त्याखाली सही केली. पेन त्यांनीच दिलेलं, छान चालतं.

काल शर्यती झाल्या. सहाही पट्ट्या भरल्या. गवताची वाट लागली, मधोमध टाचांनी उकरलंय, आणि वाकलेला गोलपोस्ट शेवटी पडला. दोन महिन्यांची मेहनत एका दुपारीत मातीला मिळाली. मी कडेला उभा राहून बघत होतो, फार बरं वाटत होतं. पायांकडे बघत होतोच, ते सुटणार नाही. पण बघता बघता टाळ्याही वाजवल्या. दुसरा माळी आज आला होता. हेडबाईंनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. शर्ट ताईने माझ्या परवानगीशिवाय धुतला. रक्त गेलं. तुती राहिली. मी तो परत बुजगावण्याला घालणार आहे, गवत नव्याने पेरायचंय.

साहेबांना आता काही कळवायला जाऊ नकोस, त्यांची वही कुठे असेल देव जाणे. सासऱ्यांना मात्र सांग. आणि मंगळवारच्या गिऱ्हाइकालाही खरं सांगून बघ एकदा. माझा अंदाज, चार जोड जास्त खपतील.

पुढच्या महिन्यात वहिनींना घेऊन ये. ताईने अंथरुणं काढून ठेवलीत आणि तुझ्या कपड्यांची झडती घेणार आहे. मी फाटकाशी नसेन, मैदानाच्या पलीकडे शेडमध्ये असेन. फाटकातून आत शिरलास की फीत शोधू नकोस. डावीकडून ये, उजवीकडून ये, मधूनच ये. माझ्या पावलावर पाऊल टाकायची काही गरज नाही.

तुझा
पुढचा